आधी हात, मग हत्यार: घरच्या बकऱ्याचा आणि सुरीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #पालघर

१/
बकरी ईद, आषाढातली गटारी, होळीनंतरची कर किंवा कुलदैवताचा नवस, यांपैकी काहीही जवळ आले की पालघर-बोईसरच्या बाजारात सुऱ्या आणि सत्तूर पुढच्या फळीवर येतात. अलीकडे त्यात घरपोच मिळणाऱ्या सुऱ्यांच्या संचांची भर पडली आहे. विचारणारा प्रत्येक जण एकच विचारतो: घरी बकरे कापायचे, तर हत्यार कोणते घ्यावे?
इतिहासाकडे पाहिले, तर या प्रश्नाचा क्रमच चुकलेला दिसतो. मराठी मुलखाने आधी हात ठरवला, मग जागा ठरवली आणि हत्यार सर्वांत शेवटी निवडले. तो क्रम का होता आणि तो मोडल्याने काय बिघडले, याचा हा आढावा.

२/
सुरुवात शब्दापासून. 'मटण' हा इंग्रजीतून आलेला शब्द. इंग्लंडात त्याचा अर्थ मेंढीचे मांस. आपल्याकडे मात्र तो बोकड आणि मेंढा दोघांनाही लागू झाला. पालघरच्या किनारपट्टीवर तर मटण म्हणजे प्रामुख्याने बोकडच.
याला कारण पाऊस. उत्तर कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात, भिजलेली लोकर लवकर वाळत नाही आणि छातीचे आजार जडतात. मेंढी हे घाटावरच्या कोरड्या माळाचे जनावर. दख्खनी मेंढीची सारी घडण त्या माळाला साजेशी आहे.

३/
तरीही कोकणाला मेंढी अनोळखी नव्हती. पावसाळा सरला की धनगरांचे कळप घाट उतरून भातशेतीच्या प्रदेशात येत. कापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत शेताला मिळायचे आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसा. पाऊस येण्याआधी कळप पुन्हा घाटावर. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या देवतांचा आणि वाटांचा जो अभ्यास केला, त्यात डोंगर आणि माळ यांमधले हे नाते वारंवार दिसते.
म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाकडे मेंढरू येई ते पाहुण्यासारखे. ते कापण्याचा प्रसंगही रोजचा नसे.

४/
आता एक साधा हिशेब. तीस किलो वजनाच्या मेंढ्यापासून मांस निघते ते ढोबळमानाने त्याच्या निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे तेरा-चौदा किलो. बर्फ नाही, शीतकपाट नाही आणि हवा किनाऱ्याची दमट. एका कुटुंबाला हे मांस दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवणेही कठीण.
म्हणून 'घरी कापणे' याचा अर्थ एका घरापुरते कापणे असा कधीच नव्हता. अंगण एकाचे, पण जेवणारी सारी वाडी. कापण्याआधीच मांस कोणाकोणाकडे जाणार हे ठरलेले असे.

५/
त्यातूनच 'वाटा' ही पद्धत आली. सागाच्या किंवा पळसाच्या पानांवर समान ढीग मांडायचे. प्रत्येक ढिगात थोडी मांडी, थोडी बरगडी, थोडे काळीज, थोडी वजडी. उत्तम तुकडा एकाने उचलायचा आणि हाडे दुसऱ्याच्या पदरी टाकायची, हे चालत नसे. महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांत 'वाटे घालणे' हा शब्दप्रयोग आजही जिवंत आहे.
ज्याला समान वाटे घालायचे, त्याला जनावर कसे उघडायचे हे नीट ठाऊक असावेच लागते. येथे हाताचा प्रश्न सुरू होतो.

६/
देशावरच्या मराठी गावात हा हात ठरलेला होता. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गावच्या बलुतेदारांची यादी आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या त्या यादीत मुलाणाही येतो. मशिदीची व पिराच्या स्थानाची देखभाल आणि निकाह लावणे ही त्याची कामे. त्याचबरोबर कुणबी आपल्या देवळात किंवा शेतात देवाला जे मेंढरू वा बोकड देतात, ते कापण्याचे कामही त्याचेच. बहुतेक मराठे मुलाण्याने नियत म्हटल्याखेरीज मांस खायला कचरतात, अशीही नोंद डफ करतो. कापण्याबद्दल दोन पैसे आणि जनावराचे हृदय हा मुलाण्याचा हक्क.

७/
ही नोंद दोनदा वाचावी अशी आहे. नवस हिंदू शेतकऱ्याचा, देव शेताच्या बांधावरचा, बोकड त्याच्याच दावणीचा आणि सुरी मुलाण्याची. काही मराठी गावांत मुलाण्याखेरीज दुसरे मुसलमान घरच नाही, हेही डफने नमूद केले आहे. म्हणजे मुलाणा गावात टिकला तो गावाला त्याची गरज होती म्हणून.
पुढे १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' आला. गावच्या कारूनारूंच्या वर्णनात मुलाण्याची जागा तेथेही आहे. मराठेशाही जाऊन शतक होत आले, तरी गावाची ही व्यवस्था मोडली नव्हती.

८/
नवसाच्या कंदुरीतही हेच दिसते. पिराला बोललेला नवस फेडायला हिंदू कुटुंब बोकड घेऊन जाते, मुलाणी तो कापतो आणि गाव जेवते. देशावर व मराठवाड्यात ही प्रथा आजही पाहायला मिळते.
खंडोबाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जेजुरीच्या देवाचा नैवेद्य भरीत-रोडग्याचा. मांसाचा मान आहे तो त्याने मारलेल्या मणी दैत्याला. एकाच गडावर शाकाहारी नैवेद्य आणि सामिष नैवेद्य यांची जागा वेगवेगळी ठरली आहे. लोकपरंपरेने दोन रीती एकमेकींवर न लादता शेजारीशेजारी बसवल्या.

९/
या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक सावधगिरी हवी. बलुतेदारीत काम जन्माने ठरे. मुलाण्याच्या मुलाला सुरी नको असली, तरी पर्याय फारसा नसे. खाटकाचा व्यवसाय आवश्यक मानला गेला, पण खाटकाला मान मिळाला असे म्हणता येत नाही. कातडे कमावणाऱ्या ढोराच्या वाट्याला तर अस्पृश्यताच आली.
तेव्हा ती रचना जशीच्या तशी परत आणण्यासारखी नाही. मात्र तिच्यातले एक तत्त्व घेण्यासारखे आहे: जीव घेण्याचे काम ज्याला ते येते त्यानेच करावे, आणि त्याचा मोबदला ठरलेला असावा.

१०/
आजच्या पालघर जिल्ह्याचा डोंगराळ भाग या बलुतेदारीच्या पूर्णपणे आत कधीच नव्हता. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांच्या पाड्यांवर देवाला कोंबडा किंवा बोकड द्यायचा, तर विधीची सूत्रे भगताकडे. हत्यार म्हणजे कोयता. पुरुषाच्या कमरेला मागे लाकडी आकडी आणि त्या आकडीत अडकवलेला कोयता, हे दृश्य जव्हार-मोखाड्याकडे आजही दिसते. लाकूड तोडायला, कुंपणाचे काटे काढायला, बांबू चिरायला आणि देवाच्या बोकडालाही तोच.
म्हणजे एकाच मराठी प्रदेशात नियत म्हणून सुरी चालवण्याची रीत होती आणि एका घावात काम संपवण्याचीही होती. कोणती कोठे, हे स्थळ, समाज आणि प्रसंग यांवरून ठरत असे.

११/
किनाऱ्याला तर भिन्न आचारांच्या शेजाराची सवय हजार वर्षांची. तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावात राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले. त्यांपैकी शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार संजाण मंडलाचा कारभार 'मधुमती' नावाच्या ताजिक, अर्थात अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप. त्याच्याच कारभारात एका देवीच्या मठिकेला जमीन दिली गेली. नदीवर विनामूल्य तरीची आणि भात-तुपाच्या अन्नसत्राची सोय केल्याचाही उल्लेख त्यात आहे.
अरब अधिकारी, ब्राह्मणाची मठिका, राष्ट्रकूट सम्राट. एकमेकांच्या ताटात काय असावे यावर तंटा उभा करण्यापेक्षा अन्नसत्र उभारणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले असावे.

१२/
आता हत्यारांकडे. त्यांची नावेच त्यांचा प्रवास सांगतात. 'सुरी' आणि 'सुरा' संस्कृत 'क्षुर' या शब्दापासून आले. 'सत्तूर' आला फारसी-अरबी 'सातूर' पासून. 'खाटीक' संस्कृत 'खट्टिक' वरून, तर 'कसाई' अरबी मुळातून. 'हलाल' अरबी, 'झटका' देशी.
एका मटणाच्या दुकानाचे नुसते वर्णन करायचे, तरी या सर्व भाषांचा आधार घ्यावा लागतो. यांतला कोणताही शब्द आज परका वाटत नाही. ठोकळ्यावर तो सत्तूर, हातात ती सुरी.

१३/
मारण्याची सुरी ही सर्वांत वेगळी. तिला लांबी हवी, सरळ पाते हवे आणि धार अखंड हवी. पाते आखूड असले तर करवतीसारखे मागेपुढे करावे लागते आणि जनावराचे हाल वाढतात. मानेच्या रुंदीच्या किमान दुप्पट पाते, हा जगभर मानला जाणारा अंदाज.
ज्यू परंपरेत हे सर्वाधिक काटेकोर. त्यांच्या सुरीला टोक नसते, आणि कापण्याआधी धारेवरून नख फिरवून एखादा दाता पडला आहे का हे तपासले जाते. दाता सापडला तर ती सुरी चालत नाही. आपल्याच कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने, ज्यांना गावोगाव 'शनवार तेली' म्हणत, आपली मांसाची वेगळी रीत शतकानुशतके जपली.

१४/
इस्लामी परंपरेतही भर धारेवरच आहे. सुरी चांगली परजून घ्यावी आणि जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, असे हदीस सांगते. जनावरासमोर धार लावू नये आणि एका जनावरासमोर दुसरे कापू नये, ही शिकवण त्याच परंपरेतली.
झटक्याची रीत वेगळ्या हत्यारावर उभी आहे. तेथे लांबीपेक्षा वजन महत्त्वाचे. पाते जड, मूठ भक्कम आणि हात सरावाचा. घाव अपुरा पडला तर त्यासारखी क्रूरता नाही. म्हणून तोही नवख्याचा प्रांत नाही.
नावे कोणतीही असोत, दोन्ही रीतींची पहिली अट एकच: धार आणि सराव.

१५/
जीव गेला की मारण्याच्या सुरीचे काम संपते. रक्त पूर्ण निथळू द्यायचे आणि मागच्या पायांनी जनावर आकड्याला टांगायचे. कातडे काढायला लागते ती छोटी, पोटाशी किंचित गोलाई असलेली सुरी. तीही केवळ सुरुवातीच्या रेघांपुरती. पुढे जाणता खाटीक सुरी बाजूला ठेवतो आणि कातडे व मांस यांमध्ये मूठ घालून ते सोडवत नेतो.
यामागे अर्थकारण होते. कातड्याला छिद्र पडले की किंमत घसरे. ढोलकीपासून पखालीपर्यंत कातड्याची मागणी होती. मुठीने काढलेले कातडे अखंड निघते आणि मांसही तुटत नाही.

१६/
मेंढ्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य. त्याच्या लोकरीत तेल, माती आणि शेण असते. लोकरीला लागलेला हात मांसाला लागला की त्याचा उग्र वास उतरतो. म्हणून एक हात कातड्याचा, दुसरा मांसाचा. मेंढ्याच्या मटणाला 'वास येतो' अशी तक्रार करणाऱ्या अनेकांची खरी तक्रार कापणाऱ्याच्या हाताविषयी असते.
पोट उघडताना पात्याचे टोक बाहेरच्या दिशेला ठेवून मागे दोन बोटांचा आधार द्यायचा, म्हणजे आतडे फुटत नाही. अन्ननलिका आधीच बांधून घ्यायची. जनावराला आदल्या रात्रीपासून चारा नाही, पाणी मात्र भरपूर. एवढे पाळले तरी निम्मी घाण टळते.

१७/
सर्वांत शेवटी सत्तूर आणि ठोकळा. सत्तुराचा उपयोग फक्त हाडावर. सांधा सुरीने सोडवायचा. सांध्यावर सत्तूर मारला की हाडाच्या किरचा उडतात आणि त्या थेट ताटात येतात.
ठोकळा पूर्वापार चिंचेचा. चिंचेचे लाकूड घट्ट आणि चिवट, त्याचे कपचे सहज निघत नाहीत. काम झाल्यावर तो जाड मिठाने घासून उन्हात उभा करण्याची रीत. प्लास्टिकच्या पातळ फळीवर सत्तूर चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: ठोकळा हेही हत्यारच आहे.

१८/
पात्याचे लोखंड हाही इतिहासाचाच भाग. गावचा लोहार पाते घडवी, धारेला पाणी देई आणि शिकलगार ते परजून देई. असे पाते गंजते, पण धार पटकन घेते.
१९१३ साली शेफील्ड या सुऱ्यांच्या गावात हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारे पोलाद शोधले. त्याच्या सुरुवातीच्या सुऱ्यांना धारच राहत नसे, म्हणून गावकऱ्यांनी 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक' अशी त्याची थट्टा केली. आज त्याच जातीचे पोलाद बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून परदेशी जाते. पाते चकाकते म्हणजे ते कापते, हा समज मात्र शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

१९/
म्हणून हत्यारांचे उत्तर थोडक्यात असे. लांब सरळ पात्याची एक सुरी, जी दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायची नाही. कातड्यासाठी एक छोटी गोलाईची. सांधे आणि हाडांभोवतीच्या मांसासाठी एक अरुंद पात्याची. एक सत्तूर, एक ठोकळा, एक आकडा. एक धार लावण्याचा दगड. भरपूर स्वच्छ पाणी.
दहा सुऱ्यांचा चकचकीत संच लागत नाही. पण ही यादी पूर्ण झाली म्हणजे तयारी झाली असे नाही. यादीत नसलेल्या दोन गोष्टी राहतातच: हात आणि जागा.

२०/
जागेचा इतिहास वसाहतकाळात बदलला. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६० च्या दशकात, शहरातली कत्तल वस्तीबाहेर वांद्र्याला हलवली गेली आणि मांसविक्रीसाठी मोठा बाजार उभारला गेला. तोच पुढे क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखला गेला. वांद्र्याचे काम शतकभर चालले. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला.
आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. रोगराईने ग्रासलेल्या शहराला दुसरा मार्ग नव्हता.

२१/
त्याचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. कत्तल भिंतीआड गेली, तसे तिचे ज्ञानही भिंतीआड गेले. खाणारा आणि कापणारा यांच्यात अंतर पडले. पूर्वी अंगणात उभे राहून मूल पाहत असे की सुरी कोणी धरली, प्रार्थना कोणी म्हटली, कातडे कसे निघाले, वाटे कसे पडले. नंतरच्या पिढीला दिसली ती केवळ पिशवी.
न पाहिलेल्या कामाविषयी दोनच भावना उरतात, किळस किंवा फुशारकी. आजच्या वादांत या दोन्ही भरपूर आहेत.

२२/
कायदा काय म्हणतो? प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम २८ नुसार एखाद्या समाजाच्या धर्माने आवश्यक मानलेल्या पद्धतीने प्राणी मारणे हा त्या अधिनियमाखाली गुन्हा नाही. त्याच अधिनियमाखालील २००१ चे कत्तलखाना नियम मात्र पालिका क्षेत्रात मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कत्तल करण्यास मनाई करतात. गाभण जनावर, तीन महिन्यांखालील पिल्लू किंवा तेवढ्या वयाच्या पिल्लाची आई कापता येत नाही. पशुवैद्याचा दाखला लागतो. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही.
हे शेवटचे कलम जुन्या शिकवणीचेच सरकारी भाषेतले रूप म्हणावे लागेल.

२३/
आता हे नियम बोईसरच्या नकाशावर ठेवून पाहावे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातून कामगार आले. ग्रामपंचायतीच्या चौकटीतच एक शहर उभे राहिले. सोबत माणसांचे सणही आले, ईद आली, नवस आले. अंगणे मात्र आली नाहीत. चाळीत आणि सदनिकेत कापायचे कोठे, तर गल्लीत, गच्चीवर किंवा न्हाणीघरात.
पाण्याचा प्रश्न तर अधिकच बिकट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात प्रदूषित औद्योगिक समूहांमध्ये तारापूर देशात पहिले होते. अशा ठिकाणी 'भरपूर स्वच्छ पाणी' ही यादीतली सर्वांत महाग वस्तू ठरते.

२४/
जागेचा हा तिढा केवळ बोईसरचा नाही. जून २०२३ मध्ये दक्षिण मुंबईतील एका गृहसंकुलाच्या प्रकरणात, परवानगीशिवाय तेथे कुर्बानी होऊ नये याची दक्षता घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला सांगितले. निकाल कोणाच्या बाजूने लागला, यापेक्षा प्रकरण न्यायालयात गेले हे महत्त्वाचे. जेथे सामाईक अंगण असते तेथे हा प्रश्न शेजारी बसून सोडवतात.
जागा दिली नाही की काम थांबत नाही. ते अंधारात जाते आणि अंधारात चालणारी सुरी कोणाच्याच हिताची नसते, जनावराच्या तर नाहीच.

२५/
धोका खराच आहे. अचानक मेलेले जनावर फाशी म्हणजेच अँथ्रॅक्सने मेलेले असू शकते. ते उघडले की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि वर्षानुवर्षे मातीत टिकतात. म्हणून आपोआप मेलेले जनावर कधीही कापू नये. आतड्या-फुप्फुसांचे तुकडे कुत्र्यांना टाकले की मेंढी आणि कुत्रा यांच्यात फिरणाऱ्या कृमींचे चक्र चालू राहते आणि माणसाच्या यकृतात गाठी होतात.
जाणत्या खाटकाचा डोळा काळजावरचा डाग ओळखतो. चित्रफीत पाहून सुरी हाती घेणाऱ्याला तो डाग दिसतही नाही.

२६/
दुसऱ्या बाजूला वाद रंगतो तो पद्धतीवर. मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. झटका मांस खाण्याचा आणि विकण्याचा हक्क कोणालाही आहे. ती रीतही याच मातीतली, हे वर आलेच आहे. प्रश्न आहे तो प्रमाणपत्र कशाचे द्यायचे हा.
विकणाऱ्याच्या धर्माचे प्रमाणपत्र मिळाले, तरी पात्याला दाता आहे का, जनावर निरोगी होते का, पाणी कोठले, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शिवाय मल्हाराच्या ताटात भरीत-रोडगा असतो, आणि मराठ्यांच्या देवाचे बोकड मुलाण्याच्या हाती सोपवणारा इतिहास याच महाराष्ट्राचा आहे. परंपरेचे नाव घ्यायचे, तर ती पूर्ण घ्यावी.

२७/
यावर दोन आक्षेप येतील. पहिला: घरची कत्तल सरसकट बंदच का करू नये? कारण सण आणि नवस बंदीने थांबल्याचे उदाहरण इतिहासात शोधावे लागेल, लपल्याची उदाहरणे मात्र पावलोपावली आहेत. दुसरा: ज्याचे जनावर, त्याची मर्जी, इतरांनी बोलू नये. पण मराठी गावाने ही मर्जी कधीच मोकळी सोडली नव्हती. जनावर तुझे, पण सुरी मुलाण्याची आणि वाटे गावाचे.
या दोन टोकांच्या मधली वाट अवघड नाही. पालघर, बोईसर, डहाणू, जव्हार अशा प्रत्येक ठिकाणी सणाच्या दिवसांपुरती का होईना, उतार, पाणी, आकडे आणि पशुवैद्य असलेली जागा स्थानिक संस्थेने द्यावी. ज्याला ज्या रीतीने कापायचे, त्याने त्या रीतीने कापावे. धार आणि स्वच्छता मात्र सर्वांना सारखी. मुलाणी, खाटीक, कसाई यांच्या हातातल्या कौशल्याला प्रशिक्षण, परवाना आणि ठरलेला मोबदला मिळावा. ते कौशल्य शिकण्याचे दार कोणत्याही जातीच्या तरुणाला उघडे असावे. जुन्या व्यवस्थेतला अन्याय तेवढा वगळून तिच्यातले शहाणपण राखण्याचा हाच मार्ग दिसतो.

२८/
ज्याच्याकडे हा जाणता हात नाही, त्याने उत्तम सुरी विकत घेण्याऐवजी उत्तम कापणारा शोधावा, त्याला योग्य पैसे द्यावेत आणि शेजारी उभे राहून काम पाहावे. आकड्याला टांगलेले कातडे मुठीने कसे सुटते, सांधा सुरीला कसा सापडतो, वाटे कसे पडतात, हे पाहूनच शिकायचे काम आहे. ग्रँट डफच्या नोंदीत सुरी कोणत्या लोखंडाची होती हे सांगितलेले नाही. ती कोणी धरली आणि त्याला काय मिळाले, एवढे मात्र त्याने नीट लिहून ठेवले.

(समाप्त)